दुबईचं कर्ज थकलं म्हणून पोराला खरंच उचलून नेतात का? प्रत्यर्पणाबद्दल थोडं सविस्तर

गोदाकाठचा_वकील (धागाकर्ता)
रविवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. परभणी जिल्ह्यात गेली बावीस वर्षं वकिली करतोय. कामं बहुतेक वाटणीची, बांधाची, मोटार अपघाताच्या भरपाईची. प्रत्यर्पण हा शब्द आमच्या कोर्टाच्या व्हरांड्यात वर्षातून एकदाही कानावर पडत नाही. पण गेल्या रविवारी एक जोडपं घरी आलं आणि तेव्हापासून हा विषय डोक्यातून जाईना.

पाथरीकडचं कुटुंब. साडेतीन एकर कोरडवाहू. मुलगा पाच वर्षं दुबईत एसी दुरुस्तीच्या कामावर होता. तिथल्या एका बँकेचं वैयक्तिक कर्ज काढून त्याने बहिणीच्या लग्नाला आणि घराच्या स्लॅबला पैसे पाठवले. पुढे कंपनीने माणसं कमी केली, पोरगं परत आलं, हप्ते थकले. दोन वर्षं कुणी काही विचारलं नाही. आणि आता अचानक फोन सुरू झाले. ‘तुमच्या मुलाच्या नावाने इंटरपोलची रेड नोटीस निघाली आहे. ४८ तासांत पोलीस येतील आणि थेट दुबईच्या विमानात बसवतील. तीन लाख भरा, फाइल बंद करतो.’ पाठोपाठ व्हॉट्सअॅपवर राजमुद्रा छापलेलं पत्र.

आई पाटल्या पदराला बांधून आली होती. सराफाकडेच निघाले होते दोघं, वाटेत माझं घर लागतं म्हणून ‘एकदा वकीलसाहेबांना विचारू’ एवढ्यासाठी थांबले. पोरगं आठ दिवसांपासून घरात झोपत नव्हतं, मामाच्या शेतातल्या आखाड्यावर रात्र काढायचं.

मी त्यांना जे सांगितलं तेच इथे मांडतो. आपल्या भागातली कितीतरी मुलं आखातात आहेत, आणि असे फोन फक्त पाथरीलाच येत असतील असं मला वाटत नाही.

सगळ्यात आधी हे लक्षात घ्या की प्रत्यर्पण फोनवर होत नाही, ४८ तासांत होत नाही आणि पैसे भरून थांबतही नाही. एका देशात गुन्ह्याचा आरोप असलेला किंवा शिक्षा झालेला माणूस दुसऱ्या देशात सापडला, तर पहिला देश त्याची रीतसर मागणी करतो आणि दुसरा देश आपल्या कायद्याने तपासून त्याला सोपवतो किंवा सोपवत नाही. वर्तमानपत्रात ‘प्रत्यार्पण’ छापतात. शब्द ‘प्रति’ आणि ‘अर्पण’ यांचा, म्हणून प्रत्यर्पण. आपल्याकडे याचा कायदा १९६२ चा आहे.

समजा एखाद्या देशाने भारताकडे माणूस मागितला. मागणी त्या सरकारकडून आपल्या परराष्ट्र मंत्रालयाकडे येते. पोलीस ठाण्याकडे नाही, बँकेच्या वसुली एजंटाकडे तर नाहीच. मंत्रालय कागद बघतं. करार आहे का, आरोप कराराच्या कक्षेत बसतो का, तेच कृत्य आपल्याकडेही गुन्हा आहे का. मग केंद्र सरकार एका मॅजिस्ट्रेटला चौकशीचा आदेश देतं. असली प्रकरणं बहुतेक दिल्लीला पतियाळा हाऊस कोर्टात चालतात. मॅजिस्ट्रेट वॉरंट काढतो, माणूस हजर होतो आणि दोन्ही बाजूंचा पुरावा घेतला जातो. हे ‘दोन्ही बाजूंचा’ नीट वाचा. मागणाऱ्या देशाचे कागद तर असतातच, पण ज्याला मागितलंय त्यालाही सांगता येतं की हा गुन्हा राजकीय आहे, किंवा प्रत्यर्पणात बसणारा नाही. जामीन मागता येतो. प्रथमदर्शनी प्रकरण दिसलं नाही तर मॅजिस्ट्रेट त्याला सोडतो. दिसलं तर तुरुंगात पाठवून केंद्राला अहवाल देतो, आणि त्या माणसाला स्वतःचं लेखी म्हणणं त्या अहवालासोबत जोडता येतं.

एवढ्यानेही विमान सुटत नाही. कोठडीत पाठवल्यापासून पंधरा दिवस त्याला देशाबाहेर नेता येत नाही. ते दिवस उच्च न्यायालयात जाण्यासाठी आहेत. केंद्र सरकार शेवटच्या टप्प्यावरही नकार देऊ शकतं. आरोप किरकोळ असेल, मागणी प्रामाणिक नसेल किंवा सोपवणं अन्यायाचं होईल, तर तसा अधिकार कायद्यानेच दिलाय. आणि कोठडीत पाठवल्यावर दोन महिन्यांत नेलं नाही तर उच्च न्यायालयाकडे सुटकेची मागणी करता येते.

आता दुबईबद्दल. संयुक्त अरब अमिरातीशी आपला करार १९९९ चा आहे आणि त्यात स्पष्ट लिहिलंय की दोन्ही देश आपापले नागरिक एकमेकांना सोपवणार नाहीत. म्हणजे पाथरीच्या पोराला, तो भारतीय नागरिक असताना, दुबईला सोपवण्याचा प्रश्नच येत नाही. मात्र याचा अर्थ सुटका असा नाही. त्याच करारात पुढे आहे की नागरिक म्हणून सोपवलं नाही, तर प्रकरण आपल्याच यंत्रणेकडे खटल्यासाठी द्यायचं. परदेशात केलेल्या गुन्ह्याबद्दल भारतीय नागरिकावर इथे खटला चालू शकतो, केंद्राची परवानगी लागते. खरी फसवणूक केलेल्याला आसरा मिळू नये, हे मला योग्यच वाटतं.

आईने विचारलं, ‘म्हणजे पोलीस येणार नाहीत ना?’ मी म्हटलं, पत्र पाठवणाऱ्याचे पोलीस तर नाहीच येणार. पण बँकेचं कर्ज खरं आहे माय, त्याचं वेगळं बघू.

पुढचं उद्या लिहितो. प्रश्न असतील तर विचारा.

—

जिंतूर_रोड
रविवार, रात्री १०.१५

वकीलसाहेब, लई महत्त्वाचं लिहिलंत. आमच्या गल्लीतल्या एकालाही असेच फोन यायलेत. तो म्हणायलाय की रेड नोटीस म्हणजे साऱ्या जगाचं वॉरंट, कुठंबी धरतेत. खरं आहे का? अन् ती नोटीस आपल्या नावावर आहे का नाही, ते कसं बघायचं?

—

गोदाकाठचा_वकील
रविवार, रात्री १०.५०

दादा, तसं नाही. रेड नोटीस म्हणजे इंटरपोलने सदस्य देशांना केलेली विनंती, की हा माणूस हवा आहे, सापडला तर कळवा, तुमचा कायदा परवानगी देत असेल तर ताब्यात घ्या. त्या नोटिशीवर काय करायचं ते प्रत्येक देश आपल्या कायद्याने ठरवतो. आपल्याकडे इंटरपोलशी दुवा सीबीआयचा. नुसती नोटीस हातात धरून इथे अटक होत नाही. त्या देशाने तातडीच्या तात्पुरत्या अटकेची रीतसर विनंती करावी लागते, मॅजिस्ट्रेटचं वॉरंट लागतं. आणि अशी तात्पुरती अटक झाल्यावर ६० दिवसांत प्रत्यर्पणाची पूर्ण मागणी आली नाही तर माणसाला सोडावं लागतं. हा मुद्दा महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आला होता.

काही नोटिसा इंटरपोलच्या संकेतस्थळावर दिसतात, पण सगळ्या नाही. म्हणून तिथे नाव नाही एवढ्यावर निर्धास्त होऊ नका. नोटीस चुकीची असेल तर इंटरपोलचाच एक आयोग आहे, त्याच्याकडे अर्ज करून ती काढून घेता येते. राजकीय, लष्करी, धार्मिक किंवा वांशिक स्वरूपाच्या प्रकरणात इंटरपोलने पडायचंच नाही, असा त्यांच्या घटनेतला नियम आहे.

गल्लीतल्या त्या भावाला सांगा, इंटरपोल कुणाला फोन करून पैसे मागत नाही. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार करायला लावा, आजच.

—

रियाधहून_मुखेडकर
सोमवार, पहाटे १.२०

मी अकरा वर्षांपासून सौदीत आहे, गाव मुखेड. एक गोष्ट जोडतो, कारण इकडं आमच्या पोरांचा यात फार गोंधळ होतो. प्रत्यर्पण वेगळं अन् हद्दपारी वेगळी. इकडं जे ‘डिपोर्ट’ म्हणतेत ते बहुतेक वेळा व्हिसा-इकाम्याचं (इकामा म्हणजे इथला राहण्याचा परवाना) प्रकरण असतं. त्या देशाला तुम्ही नको आहात, म्हणून परत पाठवतेत. त्यात करार, पुरावा, दोन देशांची मागणी असलं काही लागत नाही.

अन् सरकारंही कधी कधी हाच जवळचा रस्ता धरतेत. आपल्या बीड जिल्ह्यातलंच उदाहरण घ्या. गेवराईचा झबीउद्दीन अन्सारी, ज्याला पेपरवाले अबू जुंदाल म्हणायचे. २००६ च्या औरंगाबाद शस्त्रसाठा प्रकरणात अन् २६/११ मध्ये हवा होता. सौदीशी आपला प्रत्यर्पण करार २०१० चा, तरी २०१२ मध्ये त्याला आणलं ते हद्दपारीनं. शस्त्रसाठ्याच्या खटल्यात २०१६ ला जन्मठेप झाली. छोटा राजनलाही २०१५ मध्ये बालीहून असंच पाठवलं होतं.

त्या माणसानं जे केलं त्याची शिक्षा त्याला मिळाली, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण गेवराईचं नाव तेव्हा टीव्हीवर ज्या पद्धतीनं घेतलं गेलं, त्यानं इकडं काम करणाऱ्या साध्या पोरांना किती त्रास झाला ते आम्ही बघितलंय. नवीन पासपोर्टच्या पडताळणीला महिनोन्‌महिने लागायचे.

—

लातूरची_लेक
सोमवार, सकाळी ७.५५

मी कायद्याच्या शेवटच्या वर्षाला आहे. मुखेडकर दादांचा मुद्दा फार मोलाचा आहे, कारण हद्दपारीने आणलेल्या माणसाला प्रत्यर्पणातलं सगळ्यात मोठं संरक्षण मिळत नाही. ते म्हणजे विशेषतेचा नियम. ज्या गुन्ह्यासाठी माणूस मागितला, त्याच गुन्ह्यासाठी खटला चालवायचा. आणल्यावर दुसरे जुने आरोप बाहेर काढायचे नाहीत. काढायचे असतील तर त्या देशाची संमती घ्यायची, नाहीतर आधी त्याला परत जाण्याची संधी द्यायची. आपल्या १९६२ च्या कायद्याच्या २१ व्या कलमात हेच आहे.

अबू सालेमचं उदाहरण वर्गात सरांनी दोन तास घेतलं होतं. २००२ मध्ये लिस्बनला अटक. पोर्तुगालमध्ये फाशी नाही, जन्मठेपही नाही. म्हणून तत्कालीन उपपंतप्रधान लालकृष्ण अडवाणी यांनी डिसेंबर २००२ मध्ये लेखी हमी दिली की फाशी देणार नाही आणि २५ वर्षांहून जास्त तुरुंगात ठेवणार नाही. २००५ मध्ये तो भारतात आला. नंतर इथे त्याच्यावर जादा कलमं लागली आणि त्यावरून पोर्तुगालच्या न्यायालयाने आपण दिलेली परवानगीच मागे घेतली. माणूस आपल्या तुरुंगात आणि पाठवणारं न्यायालय म्हणतंय की करार मोडला! पुढे २०१३ मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाने काही आरोप मागे घ्यायला परवानगी दिली. मुंबई बॉम्बस्फोट खटल्यात त्याला जन्मठेप झाली, पण २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की सरकारने दिलेला शब्द सरकारवर बंधनकारक आहे, २५ वर्षं पूर्ण झाली की सुटकेची शिफारस राष्ट्रपतींकडे करावी लागेल.

मला हा निकाल फार आवडतो. १९९३ मध्ये मेलेल्या लोकांबद्दल काही वाटत नाही म्हणून नव्हे. आज शब्द मोडला तर उद्या दुसरा कुठलाच देश आपल्याला माणूस देणार नाही, म्हणून.

—

अंबाजोगाईचे_गुरुजी
सोमवार, दुपारी १२.३०

शिक्षक म्हणून निवृत्त झालो, आता ऐंशी पार केली. तुम्ही मंडळी लिहिताय ते वाचून वडिलांची आठवण झाली.

आपल्या मराठवाड्याला ही गोष्ट परकी नाही. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपण मोगलाईत होतो आणि बार्शी इंग्रजी मुलखात. चारी बाजूंनी निजाम आणि मधे बार्शी तालुका. वडील रझाकारांच्या काळात रात्रीतून बार्शीकडे गेले. सरहद्दीपलीकडे स्टेट काँग्रेसचे कॅम्प होते. सरहद्द ओलांडली की निजामाच्या पोलिसाचा हात पोचत नाही, एवढंच त्यांना ठाऊक होतं. करार-कायदा काही नाही. एक ओढा होता म्हणायचे, तो ओलांडला आणि मग बसून भाकर खाल्ली.

इंग्रजांच्या राज्यात संस्थानं आणि ब्रिटिश हिंदुस्थान यांच्यात आरोपी देण्याघेण्याचा वेगळा कायदा होता, १९०३ चा. रेसिडेंट किंवा पोलिटिकल एजंट, म्हणजे संस्थानातला इंग्रजांचा प्रतिनिधी, त्याच्या वॉरंटवर माणूस मागवता यायचा. १९६२ चा कायदा त्याच्याच जागी आला. त्याहूनही आधीचं, १८९७ चं प्रिव्ही कौन्सिलचं, म्हणजे त्या वेळच्या लंडनमधल्या सर्वात वरच्या न्यायालयाचं, एक प्रकरण मी वाचलं होतं. निजामाच्या राज्यातून रेल्वे जायची आणि रेल्वेच्या जमिनीवर इंग्रजांचा अंमल होता. शिमल्याच्या मॅजिस्ट्रेटचं वॉरंट घेऊन इंग्रजी पोलिसांनी निजामाच्या एका प्रजाजनाला रेल्वे स्टेशनवर पकडलं. प्रिव्ही कौन्सिलने सांगितलं, तो अंमल रेल्वेच्या कारभारापुरता आहे. दुसरीकडच्या गुन्ह्यासाठी स्टेशनावर माणूस धरायचा अधिकार त्यातून मिळत नाही. अटक बेकायदा ठरली.

साम्राज्य त्यांचं, न्यायालय त्यांचं, तरी फलाटावर कुणाचा कायदा चालतो हे त्यांना बघावं लागलं. म्हणून हद्द ही चोरांची सोय आहे असं कुणी म्हटलं की मला बरं वाटत नाही. आमच्या घरात तिने एक जीव वाचवलाय.

—

लातूरची_लेक
सोमवार, दुपारी १.०५

गुरुजी, नमस्कार. भाकरीचं वाचून खूप वेळ नुसती बसून राहिले.

मार्सेलिसही यातच येतं ना? ८ जुलै १९१० ला सावरकरांनी बोटीतून उडी घेतली, फ्रान्सच्या किनाऱ्याला लागले आणि तिथल्या पोलिसाने त्यांना परत इंग्रजांच्या हवाली केलं. मागणी नाही, सुनावणी नाही, काहीच नाही. फ्रान्सने आक्षेप घेतला, प्रकरण हेगच्या लवादाकडे गेलं आणि २४ फेब्रुवारी १९११ ला निकाल आला की यात अनियमितता झाली, पण म्हणून ब्रिटनने त्यांना परत द्यायला हवं असं नाही.

आपण शाळेत उडी शिकतो, निकाल शिकत नाही. माणूस एकदा हातातून गेला की प्रक्रिया चुकली होती हे सिद्ध होऊनही उपयोग झाला नाही.

—

गोदाकाठचा_वकील
सोमवार, रात्री ९.१०

ताई, मला या धाग्यात जे सांगायचं होतं ते तुमच्या शेवटच्या वाक्यात आलं. प्रत्यर्पणात माणसाचं जे काही रक्षण आहे ते विमानात बसण्याच्या आधीचं आहे. नंतर फार थोडं उरतं. त्यामुळे ती सुनावणी, ते पंधरा दिवस, तो वकील, तो दुभाषा या गोष्टी वेळकाढूपणाच्या वाटल्या तरी तेवढंच काय ते संरक्षण.

—

कापूस_सोयाबीन
सोमवार, रात्री ९.४५

सगळं वाचलं. माझं स्पष्ट मत सांगतो, राग मानू नका. हे हक्कबिक्क ऐकून डोकं तापतं. नीरव मोदी, पंजाब नॅशनल बँकेला तेरा हजार कोटींच्या वर चुना. मार्च २०१९ ला लंडनला धरला, २०२१ ला कोर्ट हो म्हणालं, २०२२ ला अपीलही फेटाळलं, तरी अजून अर्जावर अर्ज. मल्ल्याचं २०२० ला सगळं संपलं होतं, तरी तिथंच. अन् इकडं माझ्या चुलत्याचं सोसायटीचं कर्ज दीड लाख होतं. बँकेची माणसं दारात येऊन बसली, पंचायतीच्या फलकावर नाव लावलं. चुलता गेला. कसा गेला ते लिहित नाही.

या बड्यांच्या कोठडीत किती मीटर जागा असंल याचीसुद्धा परदेशी कोर्टात हमी द्यावी लागते म्हणे. माझ्या चुलत्याला कुणी विचारलं होतं का की तुझी कोठडी किती मीटरची पाहिजे?

—

रियाधहून_मुखेडकर
सोमवार, रात्री ११.३०

भाऊ, काय बोलावं कळंना. चुलत्यांबद्दल वाचून वाईट वाटलं.

—

गोदाकाठचा_वकील
मंगळवार, सकाळी ६.३०

भाऊ, रात्री तुमचं वाचलं आणि झोप लागली नाही. राग मानण्यासारखं तुम्ही काहीच लिहिलेलं नाही.

कोठडीच्या मीटरचं खरंच आहे. मेहुल चोक्सीला एप्रिल २०२५ मध्ये बेल्जियममध्ये अटक झाली, तेव्हा आपल्या सरकारने लेखी हमी दिली की आर्थर रोडच्या बराक क्रमांक १२ मध्ये ठेवू आणि फर्निचर सोडून माणशी किमान तीन चौरस मीटर मोकळी जागा देऊ. मल्ल्याच्या वेळी लंडनच्या न्यायालयाने त्याच बराकीचा व्हिडिओ मागवून बघितला होता. यामागे एक जुना निकाल आहे. १९८९ मध्ये युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाने सांगितलं की जिथे अमानुष वागणूक मिळण्याचा खरा धोका आहे तिथे माणूस पाठवणं हाच हक्कभंग. तेव्हा समोर अमेरिका होती, भारत नव्हे. फेब्रुवारी २०२५ मध्ये संरक्षण व्यवहारातला सल्लागार संजय भंडारी याच्या प्रकरणात लंडनच्या उच्च न्यायालयाने याच कारणाने प्रत्यर्पण नाकारलं. तिहारमध्ये इतर कैद्यांकडून किंवा अधिकाऱ्यांकडून खंडणीसाठी मारहाण होण्याचा धोका त्यांना खरा वाटला.

मी हर्सूलच्या तुरुंगात अशिलांना भेटायला जातो. तिथे चोरीच्या आरोपातला, जामीनदार मिळत नाही म्हणून वर्षभर अडकलेला पोरगा असतो. त्याच्यासाठी कुणी कुठल्या सरकारला मीटरची हमी देत नाही. म्हणून तुमचा राग मला समजतो, तो माझाही आहे. पण चोक्सीची बराक काढून घेतली म्हणून हर्सूलची सुधारत नाही. हर्सूल, परभणी, बीड इथले तुरुंग आधीच माणसाला ठेवण्यासारखे असते, तर लंडनच्या न्यायालयात या लोकांच्या वकिलांना बोलायला मुद्दाच राहिला नसता. त्यांची सगळ्यात मोठी ढाल आपल्याच तुरुंगांची स्थिती आहे. ती आपण त्यांच्या हातात दिली.

आणि वेळेचं म्हणाल, तर २६/११ प्रकरणातल्या तहव्वुर राणाकडे बघा. अमेरिकेत जून २०२० मध्ये भारताच्या मागणीवर अटक, मॅजिस्ट्रेटने मे २०२३ मध्ये होकार दिला, अपिलं फेटाळत शेवटी १० एप्रिल २०२५ ला दिल्लीत. जवळजवळ पाच वर्षं. तिथल्या शिकागोच्या खटल्यात आपली सुटका झाली होती, तोच खटला पुन्हा नको, असं त्याचं म्हणणं होतं. ते म्हणणं प्रत्येक न्यायालयाने ऐकलं आणि मग नाकारलं. ऐकून नाकारलेलं टिकतं.

तुमच्या चुलत्यांना कुणी ऐकलं नाही. ते चूक होतं. ऐकून घेण्याचा हक्क नीरव मोदीलाही नको असं म्हणण्यापेक्षा तो चुलत्यांनाही हवा होता असं मी म्हणेन.

—

कापूस_सोयाबीन
मंगळवार, सकाळी ८.००

वाचलं. पटलं असं पूर्ण म्हणत नाही. पण हर्सूलचं खरं आहे.

—

जिंतूर_रोड
मंगळवार, सकाळी ११.४०

वकीलसाहेब, ते कर्जाचं राहिलं की. पोराला सोपवत नाहीत हे समजलं. पण बँक गप बसंल का? जमिनीवर बोजा चढवतील का? अन् ते पोरगं उद्या कतारला गेलं तर?

—

गोदाकाठचा_वकील
मंगळवार, रात्री ९.३०

दादा, हे सगळ्यात कामाचं.

नुसतं कर्ज थकणं हा दिवाणी मामला. त्यासाठी प्रत्यर्पण नाही. पूर्वी अमिरातीत तारण म्हणून घेतलेला चेक वटला नाही की थेट फौजदारी व्हायची, शेकडो लोक त्यात अडकले. जानेवारी २०२२ पासून तिथे कायदा बदलला. खात्यात पैसे नव्हते एवढ्यावर आता गुन्हा होत नाही, पण खोटी सही, मुद्दाम खातं बंद करणं, बँकेला पैसे देऊ नका सांगणं यावर अजूनही होतो.

दिवाणी बाजूला मात्र एक बदल आपल्याकडे झालाय आणि तो फार कमी लोकांना माहीत आहे. जानेवारी २०२० मध्ये केंद्राने अधिसूचना काढली. त्यामुळे अमिरातीतल्या न्यायालयांचा पैशाचा हुकूमनामा आता आपल्या जिल्हा न्यायालयात आणून, तो इथलाच असल्यासारखा वसूल करता येतो. म्हणजे बँकेला परभणीत नव्याने दावा लावायची गरज नाही. म्हणून दुबईहून कोर्टाची नोटीस ईमेलवर आली तर ‘आता कोण जातंय तिकडे’ म्हणून सोडू नका. तिथे उत्तर दिलं नाही तर एकतर्फी निकाल लागतो. तोच कागद दोन वर्षांनी इथे येतो. इथेही बचाव आहेत. नोटीस मिळालीच नाही, गुणवत्तेवर निकाल झालाच नाही, फसवून मिळवला, हे जिल्हा न्यायालयात मांडता येतं.

जमिनीचं म्हणाल तर वडिलांच्या स्वतःच्या नावची, त्यांनी कमावलेली जमीन मुलाच्या वैयक्तिक कर्जाला लागत नाही, वडील जामीनदार नसतील तर. वडिलोपार्जित असेल तर मुलाच्या हिश्श्याचा प्रश्न येतो, तिथे कागद बघूनच बोलावं लागेल. शेतकऱ्याचं राहतं घर, बैल आणि अवजारं जप्तीतून वगळलेली आहेत.

कतारचं: जाऊ नका, आधी तपासा. आखाती देशांची आपसात आरोपी सोपवण्याची व्यवस्था आहे, आणि आपल्या करारातलं ‘नागरिक देणार नाही’ हे कलम फक्त भारताच्या जमिनीवर कामाचं. दोहाच्या विमानतळावर तुम्ही परदेशी. नुसतं विमान बदलायला उतरलात तरी तेच. दुबई पोलिसांच्या संकेतस्थळावर एमिरेट्स आयडी टाकून आर्थिक प्रकरणात फौजदारी नोंद आहे का ते बघता येतं. तेवढं घरी बसून करा.

आणि देव न करो, पण परदेशात कुणाला अटक झालीच तर पहिलं वाक्य एकच: ‘माझ्या दूतावासाला कळवा.’ १९६३ च्या व्हिएन्ना कराराने तो हक्क दिलाय. भाषा येत नसेल तर दुभाष्याशिवाय कशावरही सही करू नका. अरबी कागदावर तर मुळीच नाही.

—

रियाधहून_मुखेडकर
मंगळवार, रात्री ११.५०

शेवटचं वाक्य मी आमच्या कॅम्पच्या भिंतीवर लिहून चिकटवणार आहे. इथं पोरं अंगठा द्यायला सांगितला की देऊन मोकळी होतात.

—

लातूरची_लेक
बुधवार, सकाळी ८.२०

वकील काका, एक विचारायचं होतं. समजा उद्या खरंच आपल्या भागातल्या कुणाला अमेरिकेने मागितलं. १९९७ च्या भारत-अमेरिका करारात तर आपला नागरिक म्हणून नकार देता येत नाही. माणूस गरीब असेल तर दिल्लीला वकील कुठून आणायचा?

—

गोदाकाठचा_वकील
बुधवार, दुपारी २.१५

कोठडीत असलेल्या प्रत्येकाला मोफत वकील मिळतो, उत्पन्न किती हे बघितलं जात नाही. महिला, अनुसूचित जाती-जमाती यांना कोठडीत नसतानाही. इथे जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज दिला की ते दिल्लीच्या प्राधिकरणाशी जोडून देतात. मोफत वकील म्हणजे कमी प्रतीचा असं समजू नका, मी स्वतः अशी कामं केलीत.

पाथरीच्या कुटुंबाचंही सांगून टाकतो. सोमवारी आम्ही १९३० वर आणि सायबर पोलिसांकडे तक्रार दिली. राजमुद्रेच्या पत्रावरचा क्रमांक मंगळवारपासून बंद आहे. पोराने दुबई पोलिसांच्या संकेतस्थळावर बघितलं, फौजदारी काही नाही. बँकेला ईमेल करून बाकीचा हिशोब मागवलाय आणि महिन्याला किती देऊ शकतो ते लिहिलंय. तो आता पाथरीत एका दुकानात एसी-फ्रिजच्या कामावर जातोय. आई काल फोनवर म्हणाली, रात्री घरीच झोपतो, पण अंगणात गाडी थांबली की उठून बसतो.

—

हिंगोलीहून_एक_बहीण
बुधवार, रात्री १०.०५

पहिल्यांदाच लिहितेय. माझ्या भावाचं असंच आहे, शारजाहून आलाय. घरात कुणालाच सांगितलं नव्हतं, मला काल सांगितलं. तुम्हाला वेगळा निरोप पाठवला तर चालेल का? फी काय ती देऊ.

—

गोदाकाठचा_वकील
बुधवार, रात्री १०.२०

ताई, पाठवा. फीचं राहू द्या. कर्जाचा करार, शेवटची पगारपावती, नोकरी गेल्याचं पत्र आणि बँकेकडून आलेले सगळे ईमेल, अगदी न उघडलेलेसुद्धा, एका जागी गोळा करून ठेवा. आणि भावाला सांगा, कुणाचाही फोन आला तरी एक रुपया पाठवायचा नाही, आधी मला कळवायचं.